घरची गोष्ट : वार्धक्य, जमीन आणि कायदा

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल सुटली की पहिले स्थानक लागते ते पळसदरीचे. येथे लोहमार्गाला फाटा फुटतो. एक वाट बोरघाट चढून पुण्याकडे जाते. दुसरी केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके घेत खोपोलीला जाऊन थांबते. आज आडवाट भासणारी ही खोपोलीची वाट वस्तुतः थोरली आहे. ती १८५६ साली सुरू झाली, तर बोरघाटातील मार्ग खुला झाला १८६३ साली. मधल्या वर्षांत पुण्याच्या प्रवाशास खोपोलीस उतरून पालखीने, तट्टावरून वा गाडीने घाट चढावा लागे. घाटातला मार्ग झाला आणि थोरली वाट बाजूस पडली.

पळसदरीला आम्ही पावसाळ्यात अनेकदा जात असू. तलावाच्या अलीकडच्या एका घरी जेवणाची सोय होई. घरातली म्हातारी पडवीत बसून तांदूळ निवडत असे. एका वर्षी ती आम्हांला म्हणाली, "अंगठा घेतला माजा. कशावर घेतला, ते नाय सांगितला कोनी." घरातून कोणीतरी हाक मारली आणि ती गप्प झाली. आम्ही ताटावरून उठलो, पैसे दिले, निघालो. परतीच्या गाडीत आमच्यापैकी एकाने विषय काढला, तेव्हा दुसऱ्याने म्हटले, "घरची गोष्ट आहे ती, आपण कशाला पडा?" पुढल्या पावसाळ्यात म्हातारी मागच्या गोठ्याशेजारच्या खोलीत होती. त्याच्या पुढल्या पावसाळ्यात नव्हती. तिच्या अंगठ्याखाली कोणता कागद होता, हे विचारण्याची वेळ आम्ही दवडली होती. प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या पाठपुराव्यातून सिद्ध झाला आहे.

आरंभ भाषेपासून करावा हे बरे. मराठीत सुनेचा 'छळ' होतो, आणि छळ म्हटला की छळणाराही डोळ्यांपुढे येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी आपण योजतो ते शब्द निराळे : आबाळ, हाल, परवड. हे शब्द बहुधा 'होणे' या क्रियापदाच्या सोबतीने येतात. 'आईची फार आबाळ झाली' असे म्हणताना ती कोणी केली हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर उरत नाही. पाऊस व्हावा, उन्हाळा व्हावा, तशी आबाळ होते. या कर्तृहीन वाक्याची सवय समाजास इतकी जडलेली आहे की घडलेल्या गोष्टीला कर्ता असतो आणि क्वचित त्यावर उपायही असतो, हे ध्यानात यायलाच वेळ लागतो.

हा दोष केवळ आपल्या भाषेचा नव्हे. वृद्धांना घरात होणाऱ्या मारहाणीची नोंद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत स्वतंत्र नावाने होऊ लागली ती १९७५ साली. पुढे २००२ साली टोरांटो येथील जाहीरनाम्याने व्याख्या रूढ केली : जेथे विश्वासाची अपेक्षा असते अशा नात्यात, एकदा वा वारंवार केलेल्या कृतीने, अथवा योग्य ती कृती न केल्याने, वृद्ध व्यक्तीस इजा वा क्लेश पोहोचणे, याचे नाव छळ. यातला 'न केल्याने' हा भाग महत्त्वाचा आहे. औषध न आणणे, फुटलेला चष्मा बदलून न देणे, दिवसचे दिवस न बोलणे, ही आपली आबाळ त्या व्याख्येने कर्त्याच्या पदरात घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढील दर सहा माणसांपैकी सुमारे एकास वर्षभरात अशा कोणत्या ना कोणत्या वागणुकीस सामोरे जावे लागते. १५ जून हा या विषयाच्या जागृतीचा दिवस २००६ पासून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी त्यास २०११ साली मान्यता दिली.

आता आपल्याकडील कायद्याचा इतिहास पाहू. वृद्ध मातापित्यांचे पोषण हे पुत्राचे अनिवार्य कर्तव्य होय, त्यासाठी नको ती कृत्ये करावी लागली तरी बेहत्तर, अशा आशयाचे वचन मनूच्या नावाने टीकाग्रंथांत येते आणि तेथून ते इंग्रजी अमदानीतील निकालपत्रांतही उतरले. परंतु वचन असणे वेगळे आणि ते न्यायालयात चालणे वेगळे. १८७८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे एका विधवेच्या अन्नवस्त्राचा प्रश्न आला. पतीच्या नातलगांपाशी वडिलोपार्जित मिळकत नसेल, तर तिला पोसण्याची कायदेशीर सक्ती त्यांच्यावर नाही, असा निर्णय झाला. धर्माने सांगितलेले कर्तव्य नैतिक ठरले. कायद्याचे बंधन मिळकतीपुरते उरले. वृद्ध माणसाचा हक्क आणि घराची मिळकत यांची गाठ आपल्याकडे अशी जुनी आहे.

त्या गाठीची दुसरी बाजू स्त्रीच्या मालकीची. रेल्वे खोपोलीस पोहोचली त्याच १८५६ सालच्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहास मान्यता दिली, पण पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला. १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मात्र तिला पूर्ण मालकी दिली, आणि मृत मुलाच्या मिळकतीत आईला पहिल्या वर्गाच्या वारसांत स्थान दिले. हा पल्ला मोठा होता यात संशय नाही. त्याचा एक अनपेक्षित परिणामही झाला. पूर्वी घरातल्या म्हातारीच्या अंगठ्याला मोल नव्हते, त्यामुळे तो घ्यावा असे कोणास वाटत नसे. हक्क आला आणि अंगठ्यास किंमत आली. हक्कसोडपत्र हा शब्द गावोगाव ओळखीचा झाला तो याच वाटेने.

पोटगीचा कायदा समांतर चालला होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पत्नी व मुले यांचाच विचार होता. आईवडील तेथे नव्हते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवर टाकली, परंतु त्यासाठी दिवाणी दावा लढणे आले. १९७३ च्या नव्या संहितेतील कलम १२५ ने प्रथमच आईवडिलांना दंडाधिकाऱ्यांपुढे थेट जाण्याची वाट दिली. कमाल रक्कम होती दरमहा ५०० रुपये. ही मर्यादा २००१ साली उठली, आणि १ जुलै २०२४ पासून ते कलम नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने नांदत आहे.

या कलमाचा एक महत्त्वाचा खटला आमच्या याच लोहमार्गावरचा, कल्याणचा आहे. तेथील एका वडिलांनी विवाहित कन्येकडे दरमहा ५०० रुपयांची मागणी केली. कलमातील सर्वनाम पुल्लिंगी आहे, सबब ते केवळ पुत्रास लागू होते, असा बचाव कन्येच्या वतीने मांडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली तो अमान्य केला. स्वतःचे उत्पन्न असणाऱ्या विवाहित मुलीवरही निराधार आईवडिलांची जबाबदारी येते, असा निर्वाळा दिला. 'मुलगी परक्याचे धन' या समजुतीला कायद्यापुरता तरी तेथे विराम मिळाला.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८७८ पासून १९८७ पर्यंतचा हा सगळा वाद भाकरीचा आहे. दरमहा किती रुपये, ते कोणी द्यावेत, याचा. ज्याला भाकरी मिळते पण शिव्यांसह मिळते, ज्याच्या खोलीला बाहेरून कडी लागते, ज्याच्याकडून सही करून घेतली जाते, त्याची तक्रार या चौकटीत बसत नव्हती.

कायद्यास जे दिसले नाही ते रंगभूमीस दिसले होते. १९७० हे साल या दृष्टीने विलक्षण. त्या वर्षी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले, आणि वर्षअखेरीस वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये तेच लागू गणपतराव बेलवलकर होऊन उभे राहिले. 'गिधाडे'तली मुले पैशासाठी बापावर हात टाकतात. 'नटसम्राट'मधील मुले हात उगारत नाहीत. बापाने आपण होऊन सर्व वाटून दिलेले असते, आणि मग त्याच्या वागण्याबोलण्याचा घराला काच होऊ लागतो, अखेरीस त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मारहाण, आर्थिक लूट, अपमान, खोटा आळ : आज तज्ज्ञ ज्याची वर्गवारी करतात ते बहुतेक सर्व प्रकार एका वर्षात दोन नाटकांनी मराठी प्रेक्षकांपुढे मांडले.

प्रेक्षकांनी काय केले? 'गिधाडे'वरून वादळ उठले, परंतु त्याच्या केंद्रस्थानी सेन्सॉर होते, सुनेच्या लुगड्यावरचा लाल डाग होता आणि नाटकातील भाषा होती. बापाला झालेली मारहाण हा वादाचा मुद्दा झाला नाही. 'नटसम्राट'ने लोकांना रडवले, आणि पिढ्यान्पिढ्या रडवले. त्या अश्रूंबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु शोकान्तिकेचा एक स्वभाव असतो : ती दुःखास नियतीची उंची देते. बेलवलकरांची चूक त्यांच्या औदार्यात आहे असे मानून आपण हळहळतो आणि घरी जातो. त्यांनी कोणत्या कागदावर सही केली, त्यात राहण्याचा हक्क राखला होता की नाही, हा क्षुद्र वाटणारा प्रश्न आपल्याला पडत नाही. पळसदरीच्या परतीच्या गाडीत आम्हांलाही तो पडला नव्हता. आम्ही सर्वांनी 'नटसम्राट' पाहिलेले होते.

कागदाचा प्रश्न कर्जत-खालापूर भागात इतका निकडीचा का झाला, याला इतिहास आहे. हा मुलूख जुन्या कुलाबा जिल्ह्यातला; १९८१ साली त्याचे रायगड झाले. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, तो सुमारे सहा वर्षे चालला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्या दिवशी तिशीत असलेला शेतकरी २००२ साली, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा, पंचाहत्तरीत होता. ज्या भाताच्या खाचरांनी आणि वरकस जमिनीने त्याला आयुष्यभर पोटापुरतेच दिले, तिच्यावर आता शेतघरांचे आणि वसाहतींचे नकाशे आखले जात होते. म्हणजे जमिनीस सोन्याचा भाव आला तो नेमका मालकाची नजर, कान आणि पाय थकल्यावर. सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचे, गिऱ्हाईक दारात, आणि मध्ये फक्त एक अंगठा. २०१४ साली कुळाच्या जमिनीच्या विक्रीवरील जुनी अटही सैल झाली. २०२५ अखेर नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला.

यात बक्षीसपत्राची सोय आणखी सुलभ झालेली आहे. राहते घर वा शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर आकार निराळे. हेतू स्तुत्य आहे. पण दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर जे एका दुपारी जाते, ते परत मिळवण्यास उतारवयातली वर्षे पुरत नाहीत, हेही खरे.

या पार्श्वभूमीवर २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायद्याचे महत्त्व ध्यानात येते. महाराष्ट्रात तो २००९ साली लागू झाला, नियम २०१० साली आले. साठ वर्षांवरील व्यक्तीस यात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसल्यास ज्यांस वारशाने मिळकत मिळणार त्या नातलगाकडेही. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा, तोही नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाली काढावयाचा, अपवाद म्हणून आणखी तीस दिवस. वृद्धास स्वतः जाता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळ अंगावर असताना वृद्धास कायमचे टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा वा पाच हजारांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरला. पळसदरीच्या माणसाने ज्या दारात जायचे ते कर्जतला, एका स्थानकावर आहे; अपिलासाठी मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे, अलिबागला.

त्यातही कलम २३ हे आमच्या मते या कायद्याचे हृदय आहे. आपला सांभाळ केला जाईल या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, फसवणुकीने वा दडपणाने घेतली असे समजून हस्तांतरण रद्द करता येते. बेलवलकरांना १९७० साली ही वाट नव्हती. पण अट कागदात असावी लागते का? २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे दाखवावे लागेल, मायेपोटी दिले असे म्हटल्याने अट आपोआप सिद्ध होत नाही. जानेवारी २०२५ मधील निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ वृद्धाच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगून, ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते असेही स्पष्ट केले. या दोहोंतून सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध सरळ आहे. शक्य तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावे, कारण ते हयातीत बदलता येते. द्यावयाचेच असेल, तर सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क कागदात शब्दांनी लिहून घ्यावा. सही वा अंगठा देण्यापूर्वी कागद घराबाहेरच्या, त्या व्यवहारात हितसंबंध नसलेल्या माणसाकडून वाचवून घ्यावा.

ज्यांच्यापाशी जमीन नाही त्यांच्यापाशी निवृत्तिवेतन असते. आपल्या राज्यातील योजनेस नाव आहे श्रावणबाळाचे. पासष्टीपुढील निराधारांना तीत २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झाले, आणि ते थेट खात्यात जमा होतात. कावड खांद्यावर घेणाऱ्या पुत्राचे नाव सरकारने आपणास लावून घेतले, हा काळाचा महिमा म्हणावा. पण खाते म्हाताऱ्याचे आणि कार्ड दुसऱ्याच्या खिशात, अशी स्थिती असेल तर श्रावणाची कावड मधल्या मध्येच उतरते. पैसे आले का, असे न विचारता 'हाती आले का' असे विचारावे, ते एवढ्यासाठी.

आता ओळखावे कसे? छळ क्वचितच वळ दाखवतो. एकाच इजेची निरनिराळ्या वेळी निरनिराळी कारणे सांगितली जातात. अंग एकाएकी खालावते, कपडे मळके राहतात, औषधाच्या पट्टीत गोळ्या तशाच असतात. प्रश्न आजोबांना विचारला तरी उत्तर दुसराच देतो, आणि भेट एकांतात होऊ दिली जात नाही. फोन काढून घेतला जातो. हाक आली की बोलणे अर्ध्यावर तुटते. यातली एखादी खूण पुरावा नव्हे. वार्धक्याने अंग खालावतेच, विस्मरण होतेच. खुणा जमू लागल्या की एकांतात, घाई न करता, साधा प्रश्न विचारावा. माणूस शुद्धीत आणि समजुतीत असेल तर पुढे काय करावे हे त्याने ठरवायचे. त्याच्या डोक्यावरून उपकार करणे हाही त्याच्या अधिकाराचा संकोच आहे. जिवास धोका असेल तर मात्र वाट पाहू नये, ११२ वर पोलिसांस कळवावे. सल्ला, मध्यस्थी आणि पुढच्या मार्गासाठी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. मारहाण हा फौजदारी गुन्हा आहेच. वृद्ध स्त्रीस २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही उपलब्ध आहे, आणि २०१६ च्या निकालानंतर त्याखालील तक्रार केवळ पुरुषांविरुद्धच करावी असे बंधन उरलेले नाही.

येथे दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. सांभाळणाऱ्यांचेही एक दुःख असते. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सर्व करणारी सून वर्षानुवर्षे रात्रीची झोप घेत नाही, आणि समारंभात मान मिळतो तो लांबून येऊन फळे ठेवून जाणाऱ्या मुलाला. तिच्या थकव्याला वेळीच हातभार मिळाला तर पुष्कळ कटुता टळते. छळाचा प्रतिबंध म्हणतात तो बव्हंशी हाच. ज्येष्ठांच्या कायद्याचे शस्त्र सुनेला घराबाहेर काढण्यासाठीही उपसले जाते. तिचा राहत्या घरातील हक्क डावलण्यासाठी हा कायदा वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयास २०२० साली सांगावे लागले. तेव्हा कर्ता शोधावयाचा तो सूड घेण्यासाठी नव्हे. कोणी काय केले, काय केले नाही, आणि कोणास मदत हवी, हे स्वच्छ दिसावे एवढ्यासाठीच.

पळसदरीचे ते घर आता नाही. तेथे एक कुंपण आहे आणि कुंपणाआड शेतघर. व्यवहार कदाचित रीतसरच झाला असेल. म्हातारीच्या अंगठ्याखाली कदाचित निव्वळ शिधापत्रिकेचा अर्ज असेल. आम्ही विचारले असते तर कळले असते. तिचे वाक्य मात्र नेमके होते हे आता जाणवते. ती 'माझी आबाळ झाली' असे म्हणाली नव्हती. 'अंगठा घेतला' म्हणाली होती. घेणाऱ्याचे नाव तिने राखून ठेवले, पण कोणीतरी घेतला, एवढे तिने स्पष्ट सांगितले. पुढचा प्रश्न आमचा होता. तिने तिचे अर्धे काम केले. 'घरची गोष्ट' म्हणून उठून गेलो ते आम्ही.